एका दरवाजाचा गड : दूरसंचार अभियंत्यांस अनावृत पत्र

देशोदेशींच्या दूरसंचारजालांची उभारणी व देखभाल करणाऱ्या मराठी अभियंत्यांस,



मी आयुष्याची तीस वर्षे एका तंत्रनिकेतनात दूरसंचार हा विषय शिकविण्यात घालविली. माझ्या वर्गात बसून गेलेली मुले आज पुण्या-मुंबईपासून दुबई, सिंगापूर, बँकॉकपर्यंत विखुरलेली आहेत, आणि त्यांतले कोणी सुट्टीत घरी आले म्हणजे त्यांच्या कामाच्या हकिकती ऐकत बसणे हा माझ्या निवृत्तीतला मोठा आनंद आहे. हे पत्र त्यांना आहे, आणि ज्यांना मी कधी शिकविले नाही परंतु ज्यांच्या हाती आज लक्षावधी लोकांच्या संभाषणाच्या किल्ल्या आहेत, त्या सर्वांनाही आहे. विषय एखाद्या विद्यार्थ्याचा असता तर चार ओळी टपालाने पाठवून मी स्वस्थ बसलो असतो. परंतु तो एका व्यवसायाच्या अंगवळणी पडलेल्या सवयीचा असल्यामुळे ते चारचौघांसमक्ष लिहिणे मला प्राप्त झाले आहे.

गेल्या दिवाळीत एक जुना विद्यार्थी भेटावयास आला होता. फराळाची ताटली बाजूला सारून त्याने लॅपटॉप उघडला आणि मोठ्या उमेदीने म्हणाला, “सर, हा आराखडा बघा, किती नेटका झालाय.” परदेशातल्या एका सरकारी निविदेसाठी त्याच्या गटाने तो तयार केला होता. पडद्याच्या डाव्या बाजूस इंटरनेट पुरविणाऱ्या पंधरा-वीस कंपन्यांच्या चौकटी होत्या, उजव्या बाजूस समुद्राखालून व सीमेपलीकडून येणाऱ्या केबल होत्या, आणि मधोमध एकच निळी चौकट होती, जिच्यात डावीकडची प्रत्येक रेषा शिरत होती आणि उजवीकडची प्रत्येक रेषा जिच्यातून निघत होती. मी त्या चौकटीवर बोट ठेवून विचारले, “ही बंद पडली तर?” त्याने तत्काळ तिच्या पाठीमागे उभी केलेली दुसरी चौकट दाखविली, दोन स्वतंत्र वीजवाहिन्या दाखविल्या, जनित्र दाखविले, शिकविलेले तो काही विसरला नव्हता. मग मी विचारले, “आणि कोणी बंद पाडली तर?” तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “ते आपल्या कामाच्या कक्षेत येत नाही, सर.”

हे वाक्य त्याने उद्धटपणाने उच्चारले नाही. त्याला तसे मनापासून वाटत होते, आणि म्हणूनच ते माझ्या जिव्हारी लागले. कारण ‘बंद पडणे’ आणि ‘बंद पाडणे’ यांत आपल्या भाषेत एका कान्याचेच अंतर असले, तरी पहिल्यापासून रक्षण करण्याची विद्या मी त्याला तीन वर्षे शिकविली होती आणि दुसऱ्याविषयी एक तासही बोललो नव्हतो. तेव्हा या पत्रात जी फिर्याद आहे तिच्यात मी स्वतःही अंशतः प्रतिवादी आहे, हे आरंभीच कबूल करून पुढे जातो.

आपल्या पूर्वजांना हा विषय परका नव्हता. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त गड कसा बांधावा याचा जो विचार केला आहे, त्यात गडाला एकच दरवाजा असणे हे मोठे व्यंग मानले असून, जागा पाहून दोन-तीन दरवाजे आणि शिवाय चोरदिंड्या ठेवाव्यात असे सांगितले आहे. दरवाजा एक असला तर पहाऱ्याचा खर्च कमी, जकातीची वसुली सोपी, आल्यागेल्याची नोंद चोख, हे हिशेब त्या काळच्या कारभाऱ्यांना कळत नव्हते असे कोण म्हणेल? तरीही त्यांनी अनेक दरवाजांच्या बाजूने कौल दिला, कारण ज्या गडाला एकच दरवाजा असतो त्या गडावरील सगळ्यांचे प्राण त्या दरवाजाशी, आणि दरवाजा ज्याच्या ताब्यात असेल त्याच्या मर्जीशी, बांधले जातात.

आता आपल्या काळातला एक गड पाहू. कंबोडियाचे तत्कालीन पंतप्रधान हुन सेन यांनी १६ फेब्रुवारी २०२१ रोजी एका उपआज्ञेवर स्वाक्षरी केली आणि ‘राष्ट्रीय इंटरनेट गेटवे’ स्थापन करण्याचा हुकूम काढला. देशातील सर्व दूरसंचार कंपन्यांनी व इंटरनेट-सेवादात्यांनी बारा महिन्यांच्या आत आपली वाहतूक या द्वारातून वळवावी, असे त्यात फर्मावले होते. सिहानुकव्हिलच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या सागरी केबल काय, किंवा थायलंड आणि व्हिएतनामच्या सीमांवरून येणारे खुष्कीचे मार्ग काय, पुढे कंबोडियाच्या नागरिकापर्यंत पोहोचणारा प्रत्येक शब्द सरकारने नेमलेल्या चालकाच्या डोळ्यांखालून जावा, अशी ही योजना होती. महसुलाची वसुली, राष्ट्रीय सुरक्षितता, सामाजिक सुव्यवस्था आणि संस्कृती व परंपरा यांचे जतन ही तिची उद्दिष्टे म्हणून नमूद होती. यांपैकी कशालाही बाधा आणणारी जोडणी रोखण्यासाठी वा तोडण्यासाठी चालकांनी सरकारशी सहकार्य करावे, वाहतुकीच्या तांत्रिक नोंदी बारा महिने जपून ठेवाव्यात, आणि जे सेवादाते जोडणी घेणार नाहीत त्यांचे परवाने स्थगित करावेत व बँकेतील खाती गोठवावीत, अशीही तरतूद होती. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकारविषयक तज्ज्ञांनी जाहीर चिंता व्यक्त केली. मुदत संपण्याच्या तोंडावर, फेब्रुवारी २०२२ मध्ये, महामारीचे कारण देऊन अंमलबजावणी पुढे ढकलण्यात आली. ती पुढे ढकलली गेली, रद्द केली गेली नाही, हा भेद आपण ध्यानात ठेवावा.

त्यानंतर वर्षभराने, फेब्रुवारी २०२३ मध्ये, त्याच देशात ‘व्हॉइस ऑफ डेमॉक्रसी’ या स्वतंत्र वृत्तसंस्थेचा परवाना पंतप्रधानांच्या हुकमाने काढून घेण्यात आला आणि तिची संकेतस्थळे सेवादात्यांकरवी रोखण्यात आली. त्या वेळी गेटवे उभा नव्हता. म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांना कळवावे लागले, प्रत्येकीने आपापल्या यंत्रावर बंदोबस्त केला, आणि या खटाटोपाचा माग कोठे ना कोठे राहिला. निळी चौकट उभी राहिल्यावर एवढाही खटाटोप उरत नाही.

या प्रकरणी आपल्याविषयी माझ्या ज्या तक्रारी आहेत, त्या आता क्रमाने मांडतो.

पहिली तक्रार अशी की, आपण या चौकटीला तटस्थ यंत्र म्हणता. धरणाचा दरवाजा तटस्थ असेल, कारण पाणी कोणाविरुद्ध बोलत नाही. परंतु माणसांचे बोलणे ज्यातून वाहते त्या मार्गावर तोटी बसविणारा माणूस, ती कोणाच्या हाती जाणार हे ठाऊक असताना, मी केवळ नळकाम केले असे म्हणू शकत नाही. इजिप्तचे उदाहरण आपण अभ्यासले असेलच. २०११ च्या जानेवारीत, २७ तारखेची मध्यरात्र उलटल्यावर थोड्याच वेळात, तेथील प्रमुख सेवादात्यांनी जगाला दिलेल्या मार्गांच्या घोषणा एकामागून एक मागे घेतल्या. पहिली कंपनी बारा वाजून बारा मिनिटांनी नाहीशी झाली, त्यानंतर एक, मग आणखी एक, आणि तेरा मिनिटांत प्रमुख जाले काळोखात गेली. सुमारे साडेतीन हजार मार्ग जगाच्या नकाशावरून पुसले गेले. एकाच क्षणी सगळे बंद पडले असते तर तो यांत्रिक बिघाड मानता आला असता; मिनिटामिनिटाच्या अंतराने एकेक कंपनी जाताना पाहून बाहेरच्या निरीक्षकांना कळून चुकले की कोणीतरी एकेकीला दूरध्वनी करीत आहे. कैरोच्या शेअरबाजाराला सेवा देणारी एक छोटी कंपनी आणखी काही दिवस चालू राहिली. एवढी एक चोरदिंडी त्या गडाला उरली होती. २ फेब्रुवारीला सेवा पूर्ववत झाली, आणि आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने पाच दिवसांचे नुकसान किमान ९ कोटी डॉलर इतके आजमावले. ज्या देशात एकच द्वार आहे तेथे ही तेरा मिनिटेही लागणार नाहीत, आणि दूरध्वनी एकच करावा लागेल.

दुसरी तक्रार आपल्या शास्त्राच्या अंगाने आहे. एकाच ठिकाणी सगळे आणून बांधणे ही सदोष रचना होय, हे आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता. मग निविदेवर सरकारी मोहोर दिसताच हे ज्ञान कोठे जाते? २०११ च्या मार्चमध्ये जॉर्जियातील एका पंचाहत्तर वर्षांच्या वृद्धेने तांब्याच्या शोधात जमीन खणताना कुदळीचा घाव एका केबलवर घातला, आणि शेजारचा अर्मेनिया जवळजवळ सगळाच्या सगळा कित्येक तास इंटरनेटविना राहिला. १५ जानेवारी २०२२ रोजी ज्वालामुखीच्या उद्रेकाने टोंगाला फिजीशी जोडणारी एकुलती एक केबल तोडली, आणि मुख्य बेटाची केबल पुन्हा सुरू होण्यास पाच आठवडे लागले. समुद्रापलीकडे राहणाऱ्या लेकरांना आपण जिवंत असल्याचे कळविण्यासाठी त्या बेटांवरील माणसांनी किती तगमग सोसली असेल याची कल्पना करावी. उलट जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या, तेव्हा भारताची पश्चिमेकडील वाहतूक मोठ्या प्रमाणावर खोळंबली खरी, पण पूर्वेकडचे मार्ग शाबूत असल्यामुळे देश मुका झाला नाही. निसर्गाने अर्मेनियाला आणि टोंगाला जे दौर्बल्य दिले, ते भरपूर मार्ग असलेल्या देशाने पदरचे पैसे मोजून विकत घ्यावे, याला काय म्हणावे?

आणि एकाच द्वारावर झालेली मानवी चूक किती दूर जाते, हेही आपणांस ठाऊक आहे. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानातील सरकारी हुकमावरून यूट्यूब रोखण्यासाठी तेथील दूरसंचार कंपनीने आपल्या जालात एक खोटा मार्ग घोषित केला. तो देशाच्या आत राहावयाचा होता. परंतु हाँगकाँगच्या कंपनीने तो न तपासता पुढे पाठविला आणि सुमारे दोन तास जगाच्या फार मोठ्या भागातून यूट्यूब नाहीसे झाले. एका देशाच्या दरवाजावरील पहारेकऱ्याच्या हातून झालेली एक चूक, आणि ज्यांचा त्या देशाशी काडीचाही संबंध नव्हता त्यांचे रस्ते बंद!

तिसरी तक्रार नोंदींविषयी आहे, आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. दरवाजा बंद झाला तर लोकांना निदान कळते. दरवाजा उघडा ठेवून आल्यागेल्याची टिपणे घेतली तर कळतही नाही. कोणत्या घरातून कोणत्या पत्त्याकडे किती वाजता वाहतूक गेली, एवढ्या कोरड्या नोंदीवरून वर्षभरानंतर दफ्तर उघडणाऱ्यास कोणत्या पत्रकाराला कोण भेटले आणि कोणत्या संघटनेचा दिवा रात्री उशिरापर्यंत कोठे जळत होता, हे वाचता येते. पत्रांवर कुलूप आहे, आम्ही फक्त पाकिटावरील पत्ता पाहतो, असे आपण म्हणाल. पण कुलपाचीही खात्री कोणी द्यावी? जुलै २०१९ मध्ये कझाकस्तानात नागरिकांना सांगण्यात आले की सरकारी प्रमाणपत्र आपल्या उपकरणांवर बसवून घ्या. ते बसविले की कुलूपबंद वाहतूकही मध्ये उघडून पाहता येत असे. ऑगस्टमध्ये मोठ्या ब्राउझर-कंपन्यांनी ते प्रमाणपत्र अमान्य केले, आणि त्यांच्या ब्राउझरांपुरती त्या प्रमाणपत्राची वाट बंद झाली. ते अमान्य करणारी माणसे आपल्याच व्यवसायातील होती, ही गोष्ट मी मुद्दाम अधोरेखित करतो.

चौथी आणि शेवटची तक्रार शब्दांची आहे. ‘सामाजिक सुव्यवस्था’, ‘परंपरा’, ‘राष्ट्रीय हित’ हे शब्द निविदेत वाचून आपण पान उलटता. केबलची जाडी मिलिमीटरमध्ये आणि विलंब मिलिसेकंदांत लिहून मागणारा अभियंता, ज्या शब्दांच्या बळावर ती केबल तोडली जाणार आहे त्यांचे मोजमाप मात्र मागत नाही. सुव्यवस्थेला कशाने बाधा येते, हे कोण ठरविणार? ठरविणाऱ्याविरुद्ध दाद कोठे मागावयाची? या प्रश्नांची उत्तरे नसलेला दस्तऐवज अपुरा आहे, आणि अपुऱ्या दस्तऐवजावर काम सुरू करू नये, हे आपल्याच धंद्याचे तत्त्व आहे.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे. प्रत्येक राष्ट्राला आपल्या सीमेवर काय येते-जाते यावर देखरेख करण्याचा हक्क आहे, महसूल बुडता कामा नये, आणि घातपात करणाऱ्यांना मोकळे रान देता येत नाही, हे मला मान्य आहे. याहून अवघड आक्षेप असा की, दरवाजे अनेक असले म्हणून स्वातंत्र्य राहतेच असे कोठे आहे? आपल्याच देशात १९९५ च्या स्वातंत्र्यदिनी सार्वजनिक इंटरनेट सुरू झाले, तेव्हा विदेश संचार निगम ही एकच सरकारी कंपनी ते पुरवीत असे. १९९८ पासून खासगी सेवादाते आले, पुढे अनेक द्वारे उघडली, मुंबईच्या किनाऱ्यावर नव्यानव्या केबल उतरल्या, आणि तरीही ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरची सेवा बंद झाली व वेगवान मोबाइल इंटरनेट तेथे परत येण्यास फेब्रुवारी २०२१ उजाडला. हा आक्षेप खरा आहे. अनेक दरवाजे हे स्वातंत्र्याची हमी नव्हेत. परंतु ते वेळ देतात आणि साक्षीदार देतात. अनेक परवानाधारकांना हुकूम पाठवावा लागतो तेव्हा तो कागदावर येतो, आणि कागदावर आलेल्या हुकमाला न्यायालयात आव्हान देता येते. १० जानेवारी २०२० च्या निर्णयात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की इंटरनेट-बंदीचे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत आणि बेमुदत बंदी चालणार नाही. जो हुकूम एकाच इमारतीत, एकाच अधिकाऱ्याच्या तोंडून, एकाच तंत्रज्ञाच्या कानात सांगितला जातो, तो प्रसिद्ध करा असे कोणते न्यायालय कोणाला सांगणार?

शिवाय या वाटेवरून परतलेल्यांचेही उदाहरण आहे. २०१५ मध्ये थायलंडच्या लष्करी राजवटीने असाच एक-द्वाराचा बेत आखला होता. एक लाखाहून अधिक नागरिकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या, सप्टेंबरच्या अखेरीस हजारो लोकांनी एकाच वेळी सरकारी संकेतस्थळे पुनःपुन्हा उघडून ती ठप्प केली, आणि ऑक्टोबरात बेत सोडून दिल्याचे सरकारला जाहीर करावे लागले. त्या नागरिकांनी जी गोष्ट उमजून घेतली, ती उमजण्यासाठी आपणांस तर कोणाच्या शिकवणीचीही गरज नाही.

म्हणून माझ्या मोजक्या विनंत्या आहेत.

देशांतर्गत वाहतूक देशातच राहावी, परदेशी फेरा टळावा आणि खर्च वाचावा, असे सरकार म्हणत असेल, तर आपण इंटरनेट एक्स्चेंज सुचवावी. तेथे सेवादाते आपखुशीने एकत्र येऊन वाहतुकीची देवाणघेवाण करतात, आणि ती एक जागा बंद केली तरी बाहेरचे रस्ते बंद होत नाहीत. एक्स्चेंज म्हणजे बाजारपेठ आणि गेटवे म्हणजे नाका, हा भेद मंत्र्यांना आणि वृत्तपत्रांना समजावून सांगणे हे आपलेच काम आहे, कारण दुसऱ्या कोणाला तो सांगता येणार नाही.

महसुलाची चोरी रोखावयाची असेल तर हिशेबतपासणी सुचवावी. त्यासाठी प्रत्येक नागरिकाच्या वाहतुकीची टिपणे लागत नाहीत. नोंदी ठेवणे अटळच असेल तर कमीत कमी ठेवाव्यात, ठरलेल्या मुदतीनंतर त्या नष्ट करण्याची व्यवस्था यंत्रातच बसवावी, आणि कोणी कोणती नोंद केव्हा पाहिली याचीही नोंद राहील असे करावे.

आराखड्याच्या पहिल्या पानावर, विजेच्या आणि जनित्राच्या तपशिलाबरोबर, ‘बंद पाडणे’ या शीर्षकाचा एक परिच्छेद लिहावा. या जोडण्या तोडण्याचा अधिकार कोणाला, कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमान्वये, किती काळासाठी, आणि त्याविरुद्ध दाद कोणाकडे, हे त्यात असावे. जी जागा भरता येत नाही ती कोरी सोडून तसे लिहावे. कोरी जागाही पुरावा असते.

आणि आपल्यापैकी जे महाविद्यालयांतून शिकवितात त्यांनी, मी जे केले नाही ते करावे. इजिप्तची ती तेरा मिनिटे वर्गातील फळ्यावर मांडून दाखवावीत.

तो विद्यार्थी निघताना उंबऱ्यावर थांबून म्हणाला, “सर, मी नाही म्हटलं तर ते दुसऱ्या कोणाकडून करून घेतील.” घेतीलही. परंतु त्या दुसऱ्यानेही हाच प्रश्न विचारला, आणि तिसऱ्यानेही विचारला, तर तो प्रश्न निविदेत घालणे भाग पडेल. निविदेच्या पुढच्या बैठकीत बसाल तेव्हा चहा येण्याआधी एवढेच विचारा : हे कोण बंद पाडू शकतो, कोणत्या कायद्याने, आणि तो हुकूम लोकांना वाचावयास मिळेल काय? उत्तर लेखी हाती येईपर्यंत त्या निळ्या चौकटीत एकही रेषा नेऊ नका, ही माझी आपणां सर्वांस कळकळीची विनंती आहे.

लोभ असावा, ही विज्ञापना.

आपला स्नेहाकांक्षी,
दूरसंचार विषयाचा एक निवृत्त अध्यापक
पुणे